कृष्णाकाठचा निळा हिरा आणि रंगाचे मोल

सांगलीच्या आयर्विन पुलाखालून गेलेली कृष्णा पुढे आंध्रात कोल्लूरजवळून वाहते. आपल्याकडचा काळा कातळ लाव्हारसाचा असल्याने त्यात हिरा मिळत नाही. कोल्लूरच्या काठावर मात्र सतराव्या शतकात हजारो मजूर हिऱ्यांसाठी माती उपसत होते. जाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने १६६८ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाला विकलेला मोठा निळा हिरा याच खाणीतला मानला जातो. लुईने त्याला नव्याने पैलू पाडून घेतले, १७९२ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत तो चोरीला गेला, आणि पुढे आणखी लहान होऊन 'होप' या नावाने ओळखला जाऊ लागला. ४५.५२ कॅरटचा हा हिरा १९५८ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. अतिनील किरण टाकून दिवा मालवला की हा निळा खडा अंधारात काही क्षण निखाऱ्यासारखा लाल चमकत राहतो.

ही निळाई बोरॉनची असते, आणि तीही दहा लाख कार्बन अणूंमागे बोरॉनचा एखादा अणू इतक्या अल्प प्रमाणातून येते. बोरॉन प्रामुख्याने भूपृष्ठाजवळ आढळते. पण निळे हिरे ६६० किलोमीटर किंवा त्याहून खोल घडतात, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, तेव्हा पृथ्वीच्या पोटात बुडत्या सागरतळाबरोबर बोरॉन खाली गेले असावे, हा अंदाज पुढे आला. पिवळा रंग नायट्रोजनमुळे येतो, हिरवा बहुधा नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे, तर गुलाबी आणि लाल छटा प्रचंड दाबाखाली स्फटिकाची रचना पिळवटल्याने उमटते.

सराफाच्या पेढीवर मात्र रंगाकडे पाहण्याची रीत अगदी वेगळी आहे. सात हिऱ्यांच्या कुडीसाठी खडे जुळवताना सराफ पांढऱ्या कागदाची घडी करून त्यात खडा पालथा ठेवतो आणि खिडकीच्या उजेडात पाहतो. जराशी पिवळसर झाक दिसली की भाव उतरतो. तोच पिवळा गडद आणि भरदार असेल, तर मात्र भाव चढत जातो. मला या विषयातले हेच सर्वांत विलक्षण वाटते, कारण दोन्हीकडे कारण तोच नायट्रोजन असतो.

जगातले नव्वद टक्क्यांहून अधिक गुलाबी हिरे पुरवणारी पश्चिम ऑस्ट्रेलियातील आर्गाइल खाण नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाली. कोल्लूरच्या जुन्या खाणींची जागा तर आता पुलिचिंतला धरणाच्या जलाशयात, म्हणजे कृष्णेच्याच पाण्याखाली आहे.