स्लाइस ब्रेड

कारखान्यातच एकसारखे काप करून, पाकिटात बंद करून विकला जाणारा पाव. लादीपाव तोडून खातात, कडक कवचाचा ब्रुन पाव सुरीने कापतात. इथे ते काम यंत्र आधीच उरकते.

हे यंत्र अमेरिकेतील आयोवाच्या ऑटो रोहवेडरचे. तो मूळचा जवाहिऱ्या. त्याचा पहिला नमुना आणि आराखडे १९१७ साली आगीत जळाले, तरी त्याने नाद सोडला नाही. ७ जुलै १९२८ रोजी मिझुरीतील चिलिकॉथी गावच्या बेकरीने यंत्राने कापलेला पाव पहिल्यांदा विक्रीला ठेवला. खरी अडचण कापण्यात नव्हतीच. कापलेला पाव लवकर वाळतो, म्हणून बेकरीवाले नाखूश होते. काप टाचण्यांनी एकत्र धरून ठेवण्याचा उद्योगही रोहवेडरने करून पाहिला. शेवटी कापल्या कापल्या कागदात गुंडाळणारे यंत्रच त्याला बनवावे लागले. १९३० पासून ‘वंडर ब्रेड’ या ब्रँडने हा प्रकार अमेरिकाभर पोचवला. जानेवारी १९४३ मध्ये, ऐन युद्धात, सरकारने कापलेल्या पावावर बंदी घातली. गृहिणींनी एवढी ओरड केली की मार्चमध्ये ती उठवावी लागली.

भारतात १९६५ साली ‘मॉडर्न’ ही सरकारी ब्रेड कंपनी निघाली. २००० मध्ये ती हिंदुस्थान लीव्हरला विकली गेली.

मुंबईचे सँडविच या ब्रेडशिवाय होऊच शकत नाही. दोन्ही कापांना आधी लोणी, तेही थेट कडेपर्यंत, मग हिरवी चटणी, वर उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो आणि चिमूटभर मसाला. लोण्यात हात आखडला की काकडी-टोमॅटोचे पाणी ब्रेडमध्ये उतरते आणि सँडविच हातात येईपर्यंत लिबलिबीत होते.

घरी मात्र शिळ्या ब्रेडचीच चैन. ब्रेड रोलसाठी काप क्षणभर पाण्यात बुडवून दोन तळव्यांत दाबून पिळतात, आत बटाट्याची भाजी भरून वळतात आणि तळतात. अगदी ताजा ब्रेड घेतला तर त्याचा लगदा होतो. तुकडे मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीत परतले की उपमा. कोणी हात न लावलेले टोकाचे दोन काप मिक्सरमधून काढून कटलेटला लावतात.

ब्रेड फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय काही बरी नाही. बुरशी लांबते, पण थंडाव्यात त्यातला स्टार्च भराभर घट्ट होऊन काप कडक पडतात. जास्त दिवस ठेवायचा तर फ्रीझरमध्ये ठेवावा आणि काढून थेट तव्यावर भाजावा.