व्हिटॅमिन डी-३ ची पुडी आणि कॅल्सिट्रायॉलची कॅप्सूल : डायलिसिसवाल्यांनो, एकीच्या जागी दुसरी घेऊ नका

गेल्या महिन्यात मामांची कॅल्सिट्रायॉल, म्हणजे व्हिटॅमिन डीची कॅप्सूल, संपली. म्हापशाला एका मेडिकलमध्ये मामीला सांगितलं, ती नाहीये, ही पुडी न्या, हेसुद्धा डीच, आठवड्यातून एकदा दुधात घालून द्या. मामी घेऊन आली. बरं झालं मी फ्रीजवरचा औषधांचा डबा उघडला, पुडीवर बारीक अक्षरात कोलेकॅल्सिफेरॉल लिहिलेलं.

कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजे शेतातून आणलेलं भात समजा. लिव्हर ते कांडतं आणि मग किडनी शिजवते, तेव्हा कुठे ते शरीराच्या तोंडी लागतं. कॅल्सिट्रायॉल म्हणजे शिजवून ताटात वाढलेलं. मामांची किडनीच बंद, मग नुसती पुडी देऊन शिजवणार कोण? 'गोव्यात एवढं ऊन, उन्हात बस' म्हणणारेही भेटतात, पण उन्हाने कातडीत बनतं ते हेच न शिजलेलं. अल्फाकॅल्सिडॉल नावाची डीचीच दुसरी गोळी असेल तर तिला लिव्हर लागतं, किडनी लागत नाही, म्हणून ती कॅप्सूलच्याच बाजूची.

आकडे बघून तर अजून घोळ होतो. पुडी ६०,००० युनिटची, म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम, आणि कॅप्सूल ०.२५ मायक्रोग्रॅमची. एवढीशी म्हणून तिला हलकी समजू नका, ती आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही ओढून घेते, आणि फॉस्फरस आधीच चढलेला असेल, वर फॉस्फरसवाली सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर रोज चालू असेल, तर अंगाला खाज सुटते, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं, म्हणून रिपोर्ट बघून डॉक्टर डोस कमी करतात किंवा बंदही करतात. कॅप्सूलसाठी कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) बघायचं. २५-हायड्रॉक्सी ही टेस्ट शरीरातला डीचा साठा दाखवते, ती पुडीची. कॅल्सिट्रायॉल घेऊन तो आकडा वाढत नाही, उगाच घाबरू नका.

आता आयुष्य वाढतं का, हे सगळेच विचारतात, काणकोणच्या मावसभावाने पण परवा फोनवर हेच विचारलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ५१ हजारांवर डायलिसिस पेशंटांच्या नोंदी तपासल्या, तर सक्रिय (म्हणजे शिजलेल्या) डीचं इंजेक्शन मिळालेले जास्त जगलेले दिसले, साधारण २० टक्के फायदा. पण कॅल्शियम-फॉस्फरस चढलेल्या पेशंटला डॉक्टर हे औषध सहसा देत नाहीत, म्हणजे न मिळालेल्यांत आधीच जास्त बिघडलेले असणार, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जपानमध्ये मग ९७६ पेशंटांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून एका गटाला रोज अल्फाकॅल्सिडॉल दिलं, २०१८ मध्ये निकाल आला, हृदयविकारही कमी झाला नाही आणि मृत्यूही नाही. त्या पेशंटांचं पीटीएच फार वाढलेलं नव्हतं हेही धरायला हवं, कारण वाढलेलं पीटीएच खाली आणायला ही कॅप्सूल देतात, हाडांसाठी. म्हणून आयुष्य वाढेल या आशेने स्वतःहून सुरू करू नका आणि पीटीएचसाठी चालू असेल तर स्वतःहून बंदही करू नका.

डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, पुडी वाईट नाही, साठा कमी निघाला तर कॅप्सूलसोबत तीही देऊ, पण कॅप्सूलच्या जागी नाही. दुसऱ्या दुकानात कॅप्सूल मिळाली. मामांचं २५-हायड्रॉक्सीचं रक्त सोमवारी डायलिसिसच्या वेळीच काढणार आहेत, तोवर पुडी डब्यातून काढून मामीच्या कपाटात ठेवलीय.