दुधाच्या पिशवीचा कोपरा

सकाळी दूध तापवायला घेताना पिशवीचा कोपरा कात्रीने उडवायचा. तो इवलासा त्रिकोण सिंकमध्ये नाहीतर केरात जातो. पिशवी मात्र विसळून ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवायची आणि वाळली की चळतीत ठेवायची. आमच्याकडे ही रीत आईपासून चालत आली आहे. महिन्याकाठी ती चळत भंगारवाला वजनावर नेतो. वेफर्सचं पाकीट दाखवलं, तर हातही लावत नाही.

त्याचं बरोबर आहे. दुधाची पिशवी म्हणजे एकाच जातीचं प्लास्टिक, पॉलिथीन. १९३३ साली इंग्लंडमध्ये इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन प्रयोग चालू असताना पात्रात एक पांढरा, मेणचट पदार्थ उरला. कोणी तो बनवायला निघालं नव्हतं! कार्बनच्या लांबच लांब साखळ्या, त्यांना लगडलेले हायड्रोजनचे अणू, एवढीच त्याची रचना. पिशवीतलं पॉलिथीन साधारण ११० अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून पिशव्या धुऊन, चिरून, वितळवून त्यांचा पुन्हा दाणा करता येतो आणि त्या दाण्यातून काळे पाइप किंवा कचऱ्याच्या पिशव्या निघतात. माल स्वच्छ आणि एकजातीचा हवा, एवढीच अट.

वेफर्सचं पाकीट चुरगाळून सोडा, पुन्हा फुलून येतं. आतली चांदी म्हणजे ॲल्युमिनियमचा, केसाच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असा मुलामा. हवा आणि दमटपणा अडवून तो वेफर्स कुरकुरीत ठेवतो. कारागिरी म्हणून हे अफलातूनच आहे. शाम्पूची पुडी त्याहून गुंतागुंतीची, कारण तिच्यात बहुधा पॉलिएस्टर, ॲल्युमिनियम आणि पॉलिथीन एकमेकांना चिकटवलेले असतात. पॉलिएस्टर वितळायला २५० अंशांच्या आसपास जावं लागतं, पॉलिथीन तर त्याच्या कितीतरी आधीच पाघळलेलं असतं. हे थर सुटे करण्याचा खर्च कच्च्या मालापेक्षा जास्त, मग भंगारवाल्याने ते का न्यावं? असा कचरा फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळतो.

गंमत म्हणजे आपला सगळा राग पिशवीवर. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली, तेव्हा ५० मायक्रॉनहून जाड दुधाच्या पिशव्यांना सूट मिळाली. अट अशी, की पिशवीवर परतीची किंमत छापायची, निदान ५० पैसे. मला ते पैसे अजून कोणी दिलेले नाहीत, पण कल्पना चांगली होती. कचऱ्याला भाव असला की तो उचलला जातो.

कोपऱ्याला भाव नाही. त्याचं प्लास्टिक पिशवीइतकंच चांगलं, पण नखाएवढा तुकडा वेचत कोण बसणार? तो गटारातून नाल्यात आणि पुढे खाडीत जातो. पॉलिथीन पाण्याहून हलकं, त्यामुळे तरंगत राहतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या साखळ्या तुटतात, तो ठिसूळ होतो आणि त्याचे तुकड्यांतून तुकडे पडत जातात. ५ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. एवढ्या लांब साखळ्या पचवणं जिवाणूंना सहजासहजी जमत नाही. म्हणजे तो कोपरा दिसेनासा होतो, पण संपत नाही.

हल्ली मी कात्री पूर्ण चालवत नाही. दोनेक मिलिमीटर सोडले, की तुकडा पिशवीलाच लटकून राहतो आणि तिच्याबरोबर टाइल्सवर वाळतो. दुधाची धार जरा वाकडी पडते, तेवढंच.