शिव्या दोघंही देतात, मग कडक उस्ताद कोणता अन् छळणारा कोणता?

पोळ्याला घरी आलेलं आमच्या नात्यातलं एक पोट्टं परत गॅरेजवर जायलाच तयार नव्हतं. सतरा वर्षांचं, दहावीत दोन विषय राहिले, मग तालुक्याला टू-व्हीलर गॅरेजवर हेल्पर म्हणून लागलं, पाच महिने झाले. माय म्हणे उस्ताद लय तरास देते त्याले, बाप म्हणे "मार खाल्ल्याबिगर कोनाले काम आलं काय आजवर, आम्ही नाही का खाल्ला", आणि पोट्टं ओसरीवर बसून मोबाईलवर अंगठा फिरवत, ऐकून न ऐकल्यासारखं. मला बोलावलं कारण मी पण असाच शिकलो, मोटर वाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं काम, वरूड-मोर्शीच्या बाजूला, आणि दोन दुकानांत शिकलो. एक उस्ताद कडक होता, एक छळणारा, आणि खरं सांगतो, त्या वयात मला स्वतःलाच त्यातला फरक कळत नव्हता. उलट मला कडकवालाच जास्त वाईट वाटायचा.

कारण बाहेरून दोन्ही सेम दिसतं. "आण बे, धर बे, डोळे फुटले का बे" दोन्हीकडे. सकाळी झाडू दोन्हीकडे, चहा आणि खर्रा (सुपारी-तंबाखू) आणायला पोट्ट्यालाच पिटाळणं दोन्हीकडे. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने दोन मिनिटं उभं राहून पाहिलं तर तो काहीच सांगू शकणार नाही.

आता कडकवाल्याचं सांगतो. संत्र्याच्या पट्ट्यात आंबिया बहाराचं पाणी जानेवारीत सुरू झालं की विहिरीवरच्या मोटरा जळून यायला लागतात, लाईन रात्रीची, व्होल्टेज कमी, एखादा फेज गेला की मोटर घुंऽऽ करत बसते आणि सकाळी शेतकरी ट्रॅक्टरमध्ये घालून आणतो. अशा गर्दीत मी एक पाच एचपीची मोटर भरली. दोन दिवस लागले. जुनी तार छन्नीने कापून काढणं, खाचा साफ करणं, कागद घालणं, फर्म्यावर कॉइल गुंडाळणं, एकेक कॉइल खाचेत बसवणं, सगळं मी. वार्निश मारायच्या आधी उस्तादाने मोटर चालवून टाँग टेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, लावला तर दोन फेजला करंट जवळपास सारखा आणि तिसऱ्याला वेगळाच. म्हणे, "फेरे मोजले होते का बे?" मी म्हटलं हव. म्हणे, "खोटं बोलू नको." चारचौघांसमोर शिव्या दिल्या, गिऱ्हाईक समोर बसलेलं, आणि मग छन्नी माझ्या हातात दिली आणि म्हणे काप. दोन दिवसांचं काम मी स्वतःच्या हातानं कापलं, डोळ्यात पाणी आलेलं, मनात म्हटलं उद्यापासून इथं पाय ठेवत नाही. सगळी तार निघाल्यावर त्यानं ती तराजूत टाकली, किती तांबं वाया गेलं ते दाखवलं, पैसे मात्र कापले नाहीत. आणि त्याच रात्री माझ्या बाजूला बसून मोठ्यानं फेरे मोजत राहिला, मी गुंडाळतो, तो मोजतो, अकरा वाजले. म्हणे एका कॉइलमध्ये चार फेरे चुकले तर तिन्ही फेज सारखा करंट घेत नाहीत, मोटर तापते, आणि पंधरा दिवसांनी त्या माणसाची मोटर पुन्हा विहिरीतून काढावी लागते, तोवर त्याचा बहार गळून जाते.

आता त्याच्या आधीचं दुकान. तिथं मी आठ महिने होतो आणि आठ महिन्यांत मला कोणी एवढ्या जोरात कधी रागावलं नाही. तिथं माझं काम होतं जुन्या मोटरा जाळायचं. तार निघत नसली की स्टेटरला, म्हणजे मोटरच्या तार भरलेल्या भागाला, आग लावून वार्निश जाळतात, काळा धूर, डोळे चुरचुरतात, घसा धरतो, तेवढंच काम. भरायला बसू द्यायचाच नाही. प्रत्येक वाइंडरची एक डायरी असते, कोणत्या कंपनीच्या कोणत्या एचपीला किती फेरे, कोणत्या गेजची तार, किती खाचांचा पिच, सगळा धंदा त्या डायरीत. मी जवळ गेलो की हा डायरी मिटायचा. एकदा विचारलं तर म्हणे, "कलेक्टर व्हायचं का तुले?" सगळे हसले. एवढंच. पण मग रोज तेच, कोणीही आलं की "हा आमचा कलेक्टर", आणि एखाद दिवशी मूड खराब असला तर पान्याने डोक्यावर टक्, विनाकारण, जाता जाता. कुठं चुकलं ते कधी सांगितलंच नाही कारण चुकायला हातात काम होतंच कुठं.

म्हणून मी लोकांना म्हणतो की आवाज किती मोठा होता ते पाहू नका, रागावल्यानंतर काय झालं ते पाहा. कडक उस्तादाच्या रागाला एक कारण असतं आणि ते कामात असतं, बोट ठेवून दाखवता येतं, आणि राग ओसरला की पाना परत पोट्ट्याच्या हातात येतो. छळणारा पाना काढून घेतो आणि परत देत नाही. त्याचा राग कामावर नसतोच. पोट्ट्याचं दिसणं, बोलणं, त्याचा बाप काय करतो, त्याची जात, यावर असतो. आणि या शेवटच्या गोष्टीवर आपल्याकडे लोक किती सहज हसून सोडून देतात! अनुसूचित जाती-जमातीच्या पोट्ट्याला चारचौघांत जातीवरून बोलणं ही मस्करी नाही, १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे.

हां, पण हात उगारणं कडकपणात बसते असं मी म्हणत नाही. माझ्या कडक उस्तादानेही दोनदा कानाखाली दिली होती. त्यातलं एकदा मी मेन स्विच न पाडता जोडणी करायला हात घातला म्हणून. तेव्हाही चूकच होतं ते, सांगूनही झालं असतं. चांगल्या माणसात पण थोडा छळणारा असतोच, त्यामुळे गोंधळ जास्त होतो.

मस्करीचं बघा. नवीन पोट्टं आलं की प्रत्येक दुकानात त्याला एकदा येडं बनवतात. आमच्याकडे "जा, हार्डवेअरवरून अर्धा किलो अर्थिंग घेऊन ये". अर्थिंग म्हणजे जमिनीला केलेली जोडणी, ती काय किलोवर मिळते! हार्डवेअरवाला पण सामील, तो म्हणणार "संपलं गा, पुढच्या दुकानात पाहा", तो पुढचा अजून पुढं पाठवणार, पोट्टं बाजारपेठ फिरून घामाघूम परत येतं आणि सगळे खो खो हसतात, मग त्याला चहा पाजतात. मला पण पाठवलं होतं. दोन्ही दुकानांत पाठवलं, दुसऱ्यांदा मी थेट टपरीवर जाऊन बसलो आणि अर्ध्या तासानं येऊन म्हटलं अर्थिंगचा भाव वाढला. ही झाली मस्करी. ती एकदाच होते, संपते, आणि संपल्यावर तुम्ही त्यांच्यातले होता, पुढच्या पोट्ट्यावर हसायला तुम्ही पण असता. तेच पहिल्या दुकानात माझ्या आधीच्या पोट्ट्याचं नावच "अर्थिंग" पडलं होतं. दीड वर्ष. त्याचं खरं नाव मला तो सोडून गेल्यावर कळलं.

आणि एक जागा आहे जिथं तोलूनमापून बघायची गरजच नाही. पंप रिपेअरीच्या दुकानात कपॅसिटर पडलेले असतात, सिंगल फेज मोटरचे, वीज साठवून ठेवणारे डबे. तो मेनला टेकवून चार्ज करायचा आणि "पकड बे" म्हणून नवीन पोट्ट्याकडे फेकायचा, हा आमच्याकडचा जुना खेळ. त्यात तीनशे व्होल्टच्या आसपास भरलेले असू शकतात, मेनपासून सुटलेला असला तरी. पोट्टं तीन फूट उडतं, हसू येतं, पण ते उडून मागं चालू ग्राइंडरवर पडलं तर काय? गॅरेजमध्ये हेच कॉम्प्रेसरच्या नळीनं करतात. टू-व्हीलरच्या चाकात पंचवीस-तीस पीएसआय हवा भरतात, कॉम्प्रेसरच्या टाकीत शंभरच्या वर असते, आणि माणसाचं आतडं फाटायला त्याच्या कितीतरी कमी दाब पुरतो. मागून नळी लावून हवा सोडायची, "गंमत" म्हणून. यात पोट्टे मेलेत, आपल्या देशात अशा बातम्या पुन्हा पुन्हा आल्यात, आणि करणारा बहुतेक वेळा सोबत काम करणारा, ओळखीचाच असतो. कपड्यावरून सोडली तरी आत जाते. असं काही झालं आणि पोट दुखायला, फुगायला लागलं तर लाज बाजूला ठेवून तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरला खरं सांगायचं, गॅसची गोळी देऊन घरी झोपवायचं नाही.

आता माझं पण सांगतो, नाही सांगितलं तर खोटं होईल. कपॅसिटर मी पण फेकलाय. दुसऱ्या दुकानात मी जुना झालो, खाली एक नवीन पोट्टं आलं, आणि पहिल्याच आठवड्यात मी तेच केलं जे माझ्यासोबत झालं होतं. बहुतेक ठिकाणी असंच असते, जास्त तरास उस्ताद देत नाही, दोन वर्षं जुना हेल्पर देतो, उस्ताद फक्त न पाहिल्यासारखं करतो. माझ्या उस्तादाने पाहिलं. शिवी एक नाही दिली. दुसरा कपॅसिटर चार्ज केला, माझ्या समोर धरला, दोन्ही टोकांवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, फट्ट करून ठिणगी उडाली, लोखंडाला खळगा पडला. "हे याच्या हातात टाकलं तू." मग महिनाभर दुकानातला प्रत्येक कपॅसिटर बल्ब लावून डिस्चार्ज करून ठेवायचं काम माझ्याकडे. कडकपणा खालच्यांपासून पण वाचवतो, हे मला तेव्हा दिसलं.

कायद्याचं थोडक्यात, कारण लोक "आयटीआयवाल्यांसाठी तर कायदा आहे" म्हणून सगळ्यांना एकाच टोपलीत टाकतात. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे. त्याखाली करार झालेल्या पोट्ट्याला स्टायपेंड मिळतो (२०१९ च्या नियमात शिक्षणाप्रमाणे किमान ५,००० ते ९,००० होता), काम करताना लागलं तर भरपाई मालकाकडे, भांडण झालं तर अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरकडे, म्हणजे सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येतं, आणि शिकण्याशी संबंध नसलेलं काम त्याच्याकडून करून घेतलं तर मालकाला दंड होऊ शकतो. म्हणजे खर्रा आणायला पिटाळणं कागदावर तरी महागात पडू शकतं, हे वाचून माझा उस्ताद लय हसला होता. पण चारपेक्षा कमी माणसं असलेलं दुकान या योजनेत बसतच नाही. उस्ताद आणि दोन पोट्टे, म्हणजे आपल्या तालुक्यातली निम्मी गॅरेजं, बाहेर. तिथं करार नाही, कागद नाही, "ठेवून घ्या भाऊ, शिकून जाईल" एवढंच.

तरी पोट्टं अठराच्या आतलं असलं तर एकदम उघड्यावर नाही. चौदाच्या आत तर असं कामाला ठेवताच येत नाही. अठरापर्यंत २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, ज्याच्या ताब्यात पोरगं आहे त्यानं मारणं-छळणं हा त्याच्या कलम ७५ खाली गुन्हा, आणि कमाई अडकवून ठेवणं किंवा बांधून ठेवणं कलम ७९ खाली. १०९८ वर फोन फुकट लागतो. हे कमाईवालं मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे बाप आधी उचल घेतो, बियाण्याला, दवाखान्याला, आणि मग पोट्टं कितीही रडलं तरी त्याला परत पाठवावंच लागतं. कडक उस्तादाकडून पोट्टं सुटू शकतं पण थांबतं. जिथं सुटताच येत नाही तिथं तो किती चांगला शिकवतो याला माझ्या लेखी काही अर्थ नाही, आणि उचलीपायी माणूस अडकवणं १९७६ पासून बंद आहे, वेठबिगारीच आहे ती.

तर आमच्या पोट्ट्याला मी मारते का, शिव्या देते का, असलं काही विचारलंच नाही. त्यावर सगळी पोरं नाही म्हणतात. मी विचारलं, पाच महिन्यांत तुह्या हातानं काय उघडलं, काय बसवलं? लय वेळ गप्प. मग म्हणे, "गाड्या धुतो ना दादा." अजून? "पंक्चर." अजून? "टूल पुसून ठेवतो." मग बापाकडे एकदा पाहिलं आणि हळूच कॉम्प्रेसरचं सांगितलं. अजून झालं काही नव्हतं, नळी धरून मागं पळतात, पकडतात, आणि उस्ताद खुर्चीवर बसून हसते. बाप उठून आत गेला. थोड्या वेळाने बाहेर येऊन चपला घातल्या, म्हणे चाल, दोन महिन्याचे पैसे राह्यले त्याचे, घेऊन येऊ.

पैसे एका महिन्याचे मिळाले. दुसऱ्यासाठी अजून फेऱ्या चालू आहेत.

पोट्टं आता दुसऱ्या गॅरेजवर आहे, बसस्टँडच्या मागं, छोटं आहे, जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या जास्त येतात. चौथ्या की पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला.

"दादा, यानं बी शिव्या देल्ल्या आज."

"कायच्यासाठी?"

"कार्बोरेटर खोलला होता, त्यातला बारका जेट हरवला माह्या हातून."

"मंग?"

"मंग बॅटरी घेऊन दोघं बी खाली पालथे. भेटला. मलेच लावाले लावला त्यानं."

"लागला का?"

"तिसऱ्या डावात."