खंडपीठ की सर्किट बेंच? कोल्हापूरच्या लढ्यामागचा कायदा

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज चालते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे या सर्किट बेंचच्या कक्षेत आले. तिला बोलण्यात सगळे खंडपीठच म्हणतात. कायद्याने दिले आहे ते थोडे वेगळे आहे आणि हा फरक पक्षकारांनी व वकिलांनी नीट समजून घ्यायला हवा.

संस्थानकाळात कोल्हापूरला स्वतःचे उच्च न्यायालय होते. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि अपिलाची वाट पावणेचारशे किलोमीटर लांब गेली. पुढची कित्येक दशके कोल्हापुरात खंडपीठ मागणारी निवेदने, मोर्चे आणि कामकाजावरील बहिष्कार यांत गेली.

गोंधळाचे मूळ 'खंडपीठ' या शब्दातच आहे. मराठीत तो दोन अर्थांनी चालतो: दोन न्यायमूर्ती एकत्र बसतात ते पीठ, आणि मुख्य ठिकाणाबाहेरचे उच्च न्यायालयाचे आसन. त्यामुळे 'खंडपीठात एकलपीठापुढे सुनावणी' असे वाक्य ऐकू येते आणि ते चूकही नसते. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१ मध्ये मात्र तीन पायऱ्या स्वच्छ वेगळ्या आहेत. पोटकलम १ मुख्य आसनाचे. पोटकलम २ कायम खंडपीठाचे. त्याला राज्यपाल आणि मुख्य न्यायमूर्तींशी विचारविनिमय करून काढलेला राष्ट्रपतींचा आदेश लागतो. पोटकलम ३ प्रमाणे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने न्यायमूर्तींच्या बसण्यासाठी आणखी ठिकाण नेमू शकतात. कोल्हापूर या तिसऱ्या वाटेने आले. 'सर्किट' हा शब्द या पोटकलमात नाहीच. तो व्यवहारातला आहे, आणि न्यायमूर्ती अधूनमधून फेरी मारून जातात असा चुकीचा समज त्यातून पसरतो.

ही वाट कच्ची नाही. औरंगाबादला २७ ऑगस्ट १९८१ पासून न्यायमूर्ती याच पोटकलमाखाली बसू लागले. उच्च न्यायालयानेच त्याच वर्षी तो आदेश रद्द ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये हा निकाल फिरवला: पोटकलम ३ चा अधिकार मुख्य न्यायमूर्तींचा आणि स्वतंत्र आहे, त्यासाठी राष्ट्रपतींकडे जावे लागत नाही. पुढे १९८४ मध्ये औरंगाबाद पोटकलम २ खाली कायम झाले. कोल्हापूरच्या अधिसूचनेलाही आव्हान मिळाले. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. १९८२ चा निकाल समोर असताना दुसरे काही होणे अवघडच होते. १९७८ मध्ये विधिमंडळाने औरंगाबादसोबत पुण्याचेही नाव घेतले होते. पुण्याची ती मागणी मागे राहिली.

निकालाच्या ताकदीत काही फरक पडत नाही. इथला आदेश हा मुंबई उच्च न्यायालयाचाच आदेश. फरक आहे तो टिकण्यात: मुख्य न्यायमूर्तींनी नेमलेले ठिकाण बदलायला राष्ट्रपतींचा आदेश लागत नाही. सहा जिल्ह्यांच्या दृष्टीने ही खरी उणीव आहे.

जवळ आलेल्या न्यायालयाने मुदत मात्र वाढत नाही. जिल्हा न्यायालयाच्या दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला पूर्वीसारखेच ९० दिवस. घोटाळा होतो तो नकलेवर, म्हणजे निकालाच्या प्रमाणित प्रतीवर. प्रमाणित प्रतीच्या शेवटच्या पानावरील शिक्क्यात तीन तारखा असतात: अर्ज केला ती, नक्कल तयार झाली ती आणि हातात मिळाली ती. पहिल्या दोन तारखांमधले दिवसच मुदतीतून वगळले जातात. तयार नक्कल आठवडाभर खिडकीत पडून राहिली, तर तो आठवडा पक्षकाराच्याच खात्यात जातो आणि त्यामुळे मुदत उलटली, तर विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो. चंदगडच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाची पूर्वी रात्रीची बस, मुंबईचा मुक्काम आणि तिथला वकील शोधणे यांत आठ-दहा दिवस सहज जायचे. ते आता वाचतात. अर्ज हुकूमनाम्याच्या दिवशीच टाकला, तर नक्कल तयार होईपर्यंतचे दिवसही मुदतीतून सुटतात.

कायम इमारतीसाठी शेंडा पार्कची जागा ठरली आहे. राष्ट्रपतींच्या आदेशाचा पाठपुरावा त्या बांधकामाबरोबरच व्हायला हवा. इमारत पूर्ण होईपर्यंत तो थांबवण्याचे कायद्यात काही कारण नाही.