एकाच स्विचवरचे दोन व्हीलॅन एकमेकांशी बोलतात कसे?

शेजारशेजारच्या पोर्टला दोन पीसी लावलेत, दोन्ही पोर्टचे हिरवे लाइट लुकलुकतायत तरी पिंग (समोरचा उत्तर देतो का हे बघणारा निरोप) जात नाही, मग लोक आधी केबल बदलून बघतात. केबलचा बिचारीचा काही दोष नसतो हो. व्हीलॅन म्हणजे स्विचच्या पोर्टचे पाडलेले वेगवेगळे गट; एक पोर्ट व्हीलॅन १० मध्ये आणि दुसरा २० मध्ये असेल तर स्विच त्यांना दोन वेगळी नेटवर्कच समजतो, एकातला ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून सोडलेला निरोप) दुसऱ्यात जाऊच देत नाही. आणि व्हीलॅन करतात ते त्यासाठीच.

दोन स्विचमधल्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅनचा ट्रॅफिक नेणाऱ्या जोडणीवर) कुठली फ्रेम (डेटाचा तुकडा) कुठल्या व्हीलॅनची हे कळावं म्हणून तिला ४ बाइटचा टॅग लागतो, ८०२.१क्यू नावाचं स्टँडर्ड आहे, १९९८ चं. त्यात व्हीलॅन नंबराला १२ बिट, म्हणजे ४०९६ आकडे, पैकी ० आणि ४०९५ राखीव.

खरी गंमत पीसीमध्ये आहे. १९२.१६८.१०.५ ला १९२.१६८.२०.७ कडे जायचंय, तर तो सबनेट मास्क (आपलं नेटवर्क कुठवर हे सांगणारा आकडा) लावून बघतो, हा पत्ता आपल्यातला नाही असं दिसलं की समोरच्याला शोधतच नाही, सरळ गेटवेचा (नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरचा) मॅक अॅड्रेस, म्हणजे हार्डवेअरचा पत्ता, विचारतो आणि पॅकेट त्याच्या गळ्यात टाकतो. गेटवे राउटिंग टेबल बघतो, टीटीएल (पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) एकने कमी करतो, दोन्ही मॅक अॅड्रेस बदलतो आणि पॅकेट व्हीलॅन २० मध्ये सोडतो. आयपी अॅड्रेस मात्र तेच राहतात. पूर्वी यासाठी बाहेर राउटर लावायचे आणि सगळा ट्रॅफिक एकाच केबलवरून जाऊन परत यायचा, लेयर ३ स्विच (राउटिंगही करणारा स्विच) हेच काम आतल्या चिपमध्ये उरकतो.

सिस्को कॅटालिस्टवर प्रत्येक व्हीलॅनसाठी 'इंटरफेस व्हीलॅन' करून आयपी द्यायचा (तोच त्या पीसींचा गेटवे), 'नो शटडाउन' म्हणायचं आणि मग ग्लोबल मोडमध्ये 'आयपी राउटिंग'. बऱ्याच मॉडेलवर ही शेवटची ओळ मुळात बंद असते, म्हणून सगळं बरोबर दिसतं आणि काहीच चालत नाही. त्या व्हीलॅनमधला एकही पोर्ट चालू नसेल तर इंटरफेसही डाउनच राहतो. या दोन व्हीलॅनमध्ये स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला मार्ग) लिहायची गरज नाही, ते रूट आपोआप येतात.

पण एक खड्डा आहे. राउटिंग चालू झालं की स्विच आधीची 'आयपी डिफॉल्ट-गेटवे' ही ओळ विचारातच घेत नाही, त्याऐवजी डिफॉल्ट रूट (बाकी कुठेही जायचा मार्ग) लागतो, त्यामुळे दुसऱ्या नेटवर्कवरून लॉगिन करून हे करत असाल तर एंटर दाबल्यावर तुमचंच कनेक्शन तुटू शकतं. कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची) घेऊन कोणीतरी तिथे उभं असलेलं बरं. आणि पुढच्या राउटरवर परतीचे रूट टाकले नाहीत तर इंटरनेटही नाही.

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पुढच्या गोष्टीकडे. 'आयपी राउटिंग' या एका ओळीने सगळेच व्हीलॅन एकमेकांना मोकळे होतात, गेस्ट वायफायवरचा पाहुणासुद्धा अकाउंट्सच्या सर्व्हरपर्यंत पोचतो. म्हणून अॅक्सेस लिस्ट (कोणाला कुठे जाऊ द्यायचं याचे नियम) त्याच दिवशी लावा, नंतर लावू म्हटलं की ते राहतंच. डीएचसीपीचा (आपोआप आयपी देणाऱ्या सोयीचा) ब्रॉडकास्ट अजूनही पलीकडे जात नाही, त्याला 'आयपी हेल्पर-अॅड्रेस' लागतो. आणि गेटवेला पिंग जातंय पण पलीकडच्या विंडोज पीसीला जात नाही, असं असेल तर स्विचवर डोकं फोडण्याआधी त्या पीसीचा फायरवॉल बघा, दुसऱ्या सबनेटचं पिंग तो बऱ्याचदा स्वतःच अडवतो.