आकडे टाकलेली घरं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिका. लहान गावच्या रेल्वे स्थानकावर मालगाडीचे दोन डबे येऊन थांबतात आणि त्यांत एक अख्खं घर असतं. तुळया, दारं, खिडक्या, रंगाचे डबे, शेकडो किलो खिळे. मध्यम आकाराच्या घराचे सगळे मिळून जवळजवळ ३०,००० नग, वजन २५ टनांच्या आसपास. मालकानं ते कॅटलॉगमधलं चित्र बघून टपालानं मागवलेलं असे.

शिकागोच्या सिअर्स, रोबक कंपनीनं १९०८ ते १९४० या काळात अशी सत्तर हजारांहून जास्त घरं विकली. मिशिगनमधल्या बे सिटीच्या अलॅडिन कंपनीनं त्याआधीच, १९०६ मध्ये, हा धंदा सुरू केला होता. सुट्ट्या भागांची इमारत दूर पाठवणं तेव्हाही नवं नव्हतं. मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडहून जहाजानं आला होता. पण तो बड्या व्यापाऱ्याचा खेळ. इथे शेतकरी आणि कारकूनही घर मागवू लागले.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती गिरणीतली करवत. जुन्या लाकडी घरात जाडजूड वाशांना खाचा पाडून सांधे बसवावे लागत, त्याला मुरलेला सुतार हवा. एकोणिसाव्या शतकात यंत्रावरचे स्वस्त खिळे आले आणि बारीक चौकटी नुसत्या ठोकून भिंती उभ्या राहू लागल्या. पुढची पायरी म्हणजे लाकूड गिरणीतच मापात कापायचं आणि प्रत्येक तुकड्यावर अक्षर व आकडा छापायचा. सोबतच्या पुस्तिकेत तोच आकडा शोधायचा आणि तुकडा जागेवर ठोकायचा. सुताराला पारंपरिक घरासाठी ५८३ तास लागत, त्या जागी ३५२ तासांत काम होतं, असा सिअर्सचा दावा होता.

हे जमायला लाकूड आधी नीट वाळलेलं हवं. ओलं लाकूड वाळताना आडव्या दिशेनं आकसतं, मग मापं चुकतात. गाठीचाही त्रास असतो. तिथे तंतू वळसा घेतात आणि फळी कमकुवत होते. लाकडात गाठ सापडली तर प्रत्येक गाठीमागे एक डॉलर देऊ, असं अलॅडिन जाहीर करत असे.

सिअर्स घरासाठी कर्जही देत असे. १९२९ नंतरच्या महामंदीत हप्ते थकले आणि कंपनीला आपल्याच ग्राहकांची घरं जप्त करावी लागली.

या विक्रीच्या बहुतेक नोंदी पुढे नष्ट झाल्या. त्यामुळे आज अभ्यासक विजेरी घेऊन तळघरात उतरतात आणि डोक्यावरच्या तुळयांवर ते छापील आकडे शोधतात.